टर्बोचा रियाज

माधवगंजातल्या काकांनी ट्रकला टर्बो बसवायचं ठरवलं तेव्हा ट्रक बंद पडलेला होता. ही गोष्ट घरात फक्त काकूंच्या ध्यानात आली.

ट्रक टाटाचा, पुढे नाक काढलेला, जुना. इंजिन ६९७. हा आकडा कसा वाचायचा ते काका पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगून टाकतात : सिलिंडर सहा, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. घराणं जर्मन. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी सोयरीक केली, १९६९ साली करार संपला, नाकावरचा तारा गेला, पण रक्त तेच राहिलं, असं म्हणताना काका ताठ बसतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसाला घराण्याचं अगत्य जरा जास्तच. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. त्या लष्करातल्या माधवगंजाच्या ओट्यांवर कोणाचे पणजोबा कोणाबरोबर आले, हा विषय अजून निकालात निघालेला नाही. अशा मोहल्ल्यात इंजिनालाही वंशावळ लागते.

टर्बोचं खूळ मेळ्यातून आलं. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केला तो जनावरांचा. आता तिथे गजक आणि गरम कपड्यांच्या जोडीला मोटारगाड्या विकल्या जातात आणि रोड टॅक्समधल्या सवलतीपायी निम्मं शहर थंडी येईपर्यंत गाडीची खरेदी रोखून धरतं. काका दरवर्षी नवे ट्रक बघायला जातात, विकणाऱ्या पोराला तासभर प्रश्न विचारतात आणि गजक घेऊन घरी येतात. त्या वर्षी मात्र ते गजक विसरले. कापून आत दाखवलेला एक टर्बो त्यांनी पाहिला होता.

योगायोग असा, की त्याच १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने या कल्पनेचं पेटंट घेतलं. इकडे बैलांचे दात मोजले जात होते आणि तिकडे हा गृहस्थ इंजिन किती उष्णता सायलेन्सरमधून फुकट घालवतं ते मोजत होता. बाहेर जाणाऱ्या त्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने आत हवा कोंबायची. कल्पना सोपी, पण ती चालायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांची इंजिनं १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. वीस वर्षं हा आकडा काकांना फार आवडला. काकूंनी उशीर झाल्याबद्दल काही म्हटलं, की ते ब्यूखीचं नाव घेत.

साधा टर्बो घेऊन भागलं असतं. पण साध्या टर्बोचं दुखणं असं, की लहान घेतला तर चटकन फिरतो आणि इंजिन जोरात आलं की गुदमरतो. मोठा घेतला तर जोरात छान चालतो, पण चढावर, खालच्या गियरमध्ये, जिथे खरी गरज तिथे झोपून असतो. यावर उतारा म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री. टर्बाइनच्या चक्राभोवती पात्यांचं एक कडं असतं आणि ती पाती कलतात. इंजिन हळू असताना पाती मिटतात, वायूची वाट अरुंद होते, त्याचा वेग वाढतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरावा तसं. इंजिन चढलं की पाती उघडतात. एकाच टर्बोत लहान आणि मोठा दोन्ही. आपल्याकडच्या डिझेल मोटारींत ही युक्ती २००५ नंतरच्या वर्षांत रुळली, म्हणजे आता ती कबाड्याकडेही आली असणार, हे काकांनी बरोबर ताडलं.

कबाड्याने आधी स्कॉर्पिओचा काढून दिला. काकांनी तिथेच पाकिटावर हिशोब मांडला. ट्रकचं इंजिन जवळजवळ ५.७ लिटरचं; मिनिटाला २,४०० फेऱ्यांना ते ६,८०० लिटर हवा ओढणार. स्कॉर्पिओचं २.२ लिटरचं इंजिन ४,००० फेऱ्यांनाही ओढतं ४,४०० लिटर. “हा टर्बो आपल्याला म्हणजे कुंभकर्णाला निरांजनातून तूप,” असं म्हणून काकांनी तो परत केला. (आकड्यांच्या बाबतीत काका सहसा चुकत नाहीत. चुकतात ते पुढे.) शेवटी कुठल्याशा मोठ्या इंजिनावरून उतरवलेला, नावाची पट्टी पार घासून गेलेला एक बेवारस टर्बो मिळाला. माप जमत होतं. फक्त पाती हलवणारी विजेची मोटर मेलेली होती.

गॅरेजवाल्या उस्तादांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : “भाऊसाब, इसका दिमाग कहाँ है?”

सगळं गाडं इथेच अडतं. टर्बो बोल्टांनी बसतो, पण पाती किती कलवायची हे नव्या गाडीत संगणक ठरवतो. इंजिनाचा वेग, हवेचा दाब, पायाखालचं पेडल हे सगळं बघून तो सेकंदाला कितीतरी वेळा निर्णय घेतो. ६९७ च्या पंपात विचार करणारा भाग म्हणजे गोल फिरणारी दोन वजनं. अमेरिकेतही हीच गंमत आहे. डॉज रॅमच्या जुन्या, ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनावर तिथले हौशी लोक त्याच घराण्यातल्या धाकट्या, ६.७ लिटरच्या इंजिनाचा होलसेटचा टर्बो चढवतात. तिथेही खरा खटाटोप पात्यांचा असतो. कोणी वेगळा कंट्रोलर विकत घेतो, कोणी आर्डुइनोच्या पट्टीवर स्वतः प्रोग्रॅम लिहितो, कोणी हवेच्या दाबावर चालणारी डबी लावून मोकळा होतो. होलसेटचे टर्बो आपल्या देवासलाही बनतात, हे कळल्यावर काका खूश झाले. देवास पवारांचं, म्हणजे पुन्हा मराठ्यांचंच.

काकांनी मेंदू शोधला तो घरातच. स्कूटरची क्लचवायर पात्यांच्या दांडीला बांधून केबिनमध्ये आणली, तिच्या टोकाला लिव्हर लावली आणि लिव्हरवर प्रस्तुत लेखकाची नेमणूक केली.

नेमणुकीचं कारण संगीत. प्रस्तुत लेखकाने ग्वाल्हेरात चार वर्षं गाणं शिकून भूप या रागाच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, पण कान बरा आहे अशी घरात अफवा होती. ज्या गावात माधवरावांच्या आश्रयाने १९१८ साली भातखंड्यांनी संगीताची शाळा काढली, तिथे अशी अफवा दोन पिढ्या पुरते. काकांचा सिद्धांत असा : टर्बोची शिट्टी त्याच्या दांड्याच्या वेगाबरोबर चढते. मिनिटाला ४०,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ६६७ कंपनं, हा धरू षड्ज. वेग दीडपट, ६०,००० म्हणजे पंचम. दुप्पट, ८०,००० म्हणजे तार षड्ज. तिथे पाती उघडायची. तार गंधार लागला तर एक लाख. तिथवर जायचंच नाही. उस्तादांनी हे सगळं ऐकून कानाला हात लावला. विरोध म्हणून की आदराने, ते कळलं नाही.

ट्रक चालू करून टर्बो बसवायला तीन महिने गेले. टर्बोचा दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो, तेव्हा इंजिनातून तेलाची नळी काढावी लागली. ते तेल परत खाली जायची नळी जाड आणि सरळ उताराची हवी, नाहीतर सीलमधून गळून निळा धूर येतो. पहिल्या नळीला उस्तादांनी सुंदर वळण दिलं होतं. निळा धूर आला. मग पंप. नुसती हवा वाढवून जोर येत नाही, तिच्या जोडीला डिझेलही वाढवावं लागतं, आणि किती, हे पंपवाल्याच्या स्वभावावर असतं. आमचा दिलदार निघाला. बिनटर्बोच्या इंजिनाचे पिस्टन आणि गॅस्केट एवढा दाब सोसायला केलेले नसतात, असं उस्ताद पुटपुटले. काका तेव्हा जर्मन रक्ताबद्दल बोलत होते.

कायद्याचं काय, हा प्रश्न काकूंचा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई करतं. राज्याच्या परिवहन आयुक्तांचं कार्यालय भोपाळ सोडून नेमकं ग्वाल्हेरात, त्यामुळे आपल्याला कोण बघतंय असं इथे म्हणता येत नाही. म्हणून चाचणी रस्त्यावर नाही, तर ओळखीतल्या एका दगडखाणीच्या खाजगी कच्च्या वाटेवर घ्यायची ठरली. ट्रक तिथवर दुसऱ्या ट्रकने ओढून नेला. मे महिना, पंचेचाळीस अंश. १५ अंशांच्या मानाने अशी हवा नऊ-दहा टक्के विरळ होते, तेव्हा टर्बोची खरी परीक्षा याच दिवसांत, असं काकांचं म्हणणं. परीक्षा सगळ्यांचीच होती.

मागे दगड भरले. काका स्टिअरिंगवर, उस्ताद पायरीवर लटकलेले, प्रस्तुत लेखक लिव्हरवर. दुसऱ्या गियरमध्ये चढ लागला, पाती मिटलेली, आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी उठली. षड्ज! स्वच्छ, स्थिर, तानपुऱ्याला लाजवील असा. मग रिषभ. गंधार. एरवी या चढावर रडणारा ट्रक दगडांसकट वर चालला होता आणि काळा धूर जवळजवळ नव्हता. काका ओरडले, “बघ, बघ, श्वास कसा घेऊन राहिलाय!” पंचम लागला. धैवत लागला. मध्यम आणि निषाद वाटेत नीट ऐकू आले नाहीत, आणि भूपाच्या पलीकडे पाऊल न टाकलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच इतका निर्दोष भूप ऐकू आला.

तार षड्ज लागला तेव्हा प्रस्तुत लेखकाने लिव्हर सोडून दाद द्यायला हात वर केला.

गंधार अर्थातच लागला. त्यानंतर धप्प असा एक आवाज झाला, शिट्टी खाली आली आणि रेडिएटरमध्ये पाणी गुरगुरायला लागलं. ट्रक वाटेतच उभा राहिला. उस्ताद पायरीवरून उतरले, बॉनेटच्या फटीतून येणारी वाफ त्यांनी थोडा वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “सम तो बराबर आई, भाऊसाब.”

काकांनी खिशातलं पाकीट काढलं आणि हिशोबाखाली मोकळ्या जागेत लिहिलं : हेड गॅस्केट एक. हेड मशीनवर तपासून घेणे. पंपातलं डिझेल कमी करणे. लिव्हरवर पुढच्या वेळी तबलजी.