तोफेआधी हजेरीपट

आमच्या सेनापतींनी आजवर एकही लढाई हरलेली नाही, कारण त्यांच्या मोहिमेत अजून एकही लढाई सुरू झालेली नाही.

उमेदीची वर्षं बँकेच्या हिशेबतपासणीत घालवून ते निवृत्तीनंतर युद्धखेळांकडे वळले. टेबलावर रणांगण मांडायचं, पट्टीने चाल मोजायची, फाशाने नशीब ठरवायचं, असा हा खेळ. यात भाडोत्री फौजांच्या मोहिमा विकत मिळतात. ‘बॅटलटेक’मध्ये तर लोक ऐंशीच्या दशकापासून अवाढव्य यंत्रं घेऊन कंत्राटी युद्धं करताहेत आणि पगार, दुरुस्ती, लूट सगळं वहीत मांडताहेत. सेनापतींनी ते नियम वाचले, हिशेबाची पानं तेवढी ठेवली, यंत्रं हाकलली आणि त्या जागी महादजी शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, आणून बसवले. मोहीम अस्सल, स्वतःची. काळ १७८४ ते १८०३.

माझ्या वाट्याला जॉर्ज थॉमस आला. जहाजावरून पळालेला आयरिश खलाशी, बेगम समरूच्या चाकरीतून निघून पुढे हांसीला स्वतःचं राज्य थाटणारा. असला गडी हाती आल्यावर कुणालाही वाटेल, आता उडवू धुरळा. सेनापतींनी माझ्यापुढे हजेरीपट सरकवला. तेलंगे किती, नजीब किती, गोलंदाज, भिस्ती, तोफा ओढणारे बैल. बैलाला रोज वैरण किती लागते यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. थॉमस हांसीतून बाहेर पडलाच नाही.

पण मोहिमेचा खरा मुकुटमणी म्हणजे धरण्याचा तक्ता. तीन महिने पगार थकला की फासा टाकायचा. एक-दोन पडले तर पलटण नुसती कुरकुरते. तीन-चारला सरदाराच्या तंबूपुढे धरणं. पाचला पलटण शेजाऱ्याच्या चाकरीत. सहाला सरदारच कैदेत. यातलं धरणं सेनापतींच्या मनाचं नाही. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत असले प्रसंग आहेत आणि सेनापतींना ते तोंडपाठ. देणेकऱ्याला जेवू द्यायचं नाही हा धरण्याचा जुना दंडक. म्हणून ज्याच्या पलटणीने धरणं धरलंय त्या खेळाडूला आमच्यात चहा-वडा मिळत नाही. वहिनी गरम वडे घेऊन आल्या की सेनापती आधी वहीत बघतात. “त्यांना नको. त्यांचा पगार थकलाय.”

एकदा एक तरुण मुलगा मोठ्या हौसेने अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई रंगवून घेऊन आला. मिशांपर्यंत काम बारीक. सेनापतींनी भिंगातून मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, “छान. आता यांना पोसणार कोण?” तो पुढच्या रविवारी आला नाही.

शेवटी सगळ्यांनी हट्ट धरला तेव्हा २३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई मांडली. निळ्या कापडाची कैलना नदी, कागदी झाडं. तोफा सज्ज. “थांबा,” सेनापती म्हणाले, “इंग्रजांनी जाहीरनामा काढलाय.” त्यांच्या मुलखातल्या ज्या अधिकाऱ्यांनी मराठ्यांची चाकरी सोडली त्यांना कंपनीने अभय दिलं होतं, आणि बरेच जण निघूनही गेले. शिंद्यांच्या कंपूंचा प्रमुख पेरॉन तर असईच्या आधीच इंग्रजांच्या स्वाधीन झालेला. म्हणजे पहिल्या गोळ्याआधी प्रत्येक अधिकाऱ्यासाठी फासा! साडेआठला मराठ्यांकडे हॅनोव्हरचा पोलमन आणि दोन-चार टाळकी उरली. नऊला वहिनी आल्या.

“अहो, जेवणाचं टेबल कधी मोकळं होणार?”

“दोआब मोकळा झाला की.”

राग येतो, पण माणूस बरोबर आहे. हे कंपू उभारणाऱ्या डी बॉयनच्या पलटणींचा दरारा होता त्यामागे कवायतीइतकाच वेळेवर मिळणारा पगार होता, आणि त्या पगारामागे महादजींनी लावून दिलेला गंगा-यमुनेच्या दोआबातला महसूल. भाडोत्री युद्ध हे निम्मं खतावणीतच लढलं जातं. डी बॉयन स्वतः १७९६मध्ये गडगंज होऊन हिंदुस्थानातून निघाला आणि शांबेरी या आपल्या गावी सुखाने म्हातारा झाला. गावाने त्याच्या स्मारकाला चार हत्ती उभारले. युरोपच्या सहलीत सेनापतींनी वहिनींना पॅरिस दुपारभरात उरकवून थेट तिकडे नेलं. ते हत्ती पुढून सोंडेसकट झकास आहेत, मागचा भाग शिल्पकाराने केलेलाच नाही. वहिनी प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या, “अगदी तुमच्या मोहिमेसारखे.”

सध्या पेरॉनची जागा रिकामी आहे. त्याचा खेळाडू सोडून गेला, इतिहासाला धरूनच. इच्छुकांनी रविवारी चारला यावं. फासे सेनापती देतील, कॅल्क्युलेटर आणि डबा आपापला आणावा.