उजेडाची चुगली

"काय गो, काल रात्री लेकीशी तासभर फोन चालला होता. स्थळबिळ आलंय की काय?"

"कसलं स्थळ, काकू! पुण्याला तिचा प्रयोग अडलाय. पेशींत काजव्याचा जीन हव्या त्या जीनच्या स्विचला जोडून घालतात. तो स्विच चालू झाला की पेशी काजव्याचं एन्झाइम बनवते, ल्युसिफरेज. वर ल्युसिफेरिन घातलं की उजेड. जितका उजेड, तितका जीन जोरात."

"म्हणजे मिरगाच्या तोंडावर आपल्या परड्यात चमकतात तेच काजवे?"

"त्यांचाच अमेरिकेतला भाऊबंद. 1985 साली त्याचा जीन हाती लागला, पुढच्या वर्षी तंबाखूचं रोप चमकवलंनी."

"मग अडलं कुठे?"

"कोकमात गार्सिनॉल असतं, पिवळं. ते घातलंन नि उजेड उतरला. ही खूश! मॅडमनी विचारलं, जीन थंडावला कशावरून? पेशीच मेल्या असतील, एन्झाइम अडलं असेल, नाहीतर पिवळ्या रंगाने उजेड गिळला असेल."

"ताडून बघायला दुसरं काही नाही?"

"आहे ना, सी पॅन्सी म्हणून समुद्रातला प्राणी आहे, त्याचं ल्युसिफरेज. दोघांचं गुणोत्तर काढायचं. पण त्याचा उजेड निळा. पिवळा रंग आधी निळ्यालाच खातो, मग गुणोत्तर फुकाचं वाढतं."

"उतरल्यावर एवढी उलटतपासणी. वाढला असता तर पेढेच वाटले असतेन!"

"तिथेच तर खरी गोम. अटाल्युरेन नावाचं औषध काजव्याच्या वाढलेल्या उजेडावरूनच निवडलेलं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, ते ल्युसिफरेजलाच चिकटून बसतं. एन्झाइम लवकर मोडत नाही, साठत जातं. जीन होता तिथेच, उजेड मात्र वाढला."

"म्हणजे औषध खोटं?"

"तसंही नाही. वाद चालूच राहिला, 2014 मध्ये युरोपात सशर्त परवानगीही मिळाली होती. उजेडावरून निकाल देता येत नाही, एवढंच."

"आता काय करणार पोरगी?"

"नुसत्या एन्झाइमवर गार्सिनॉल घालून बघेल, पेशी जिवंत आहेत का तपासेल, त्या जीनचा आरएनए थेट मोजेल. शिवाय प्लेटमध्ये झगझगीत नमुन्याला लागून मंद नमुना ठेवायचा नाही. शेजारचा उजेड आपल्या खात्यात जमा होतो."

"बरं झालं सांगितलंस. त्या कोपऱ्यावरच्या घरात रात्री दोनपर्यंत दिवा असतो, मुलगा अभ्यास करतो म्हणून मी गावभर कौतुक केलंय."

"आणि मोबाइल बघत असला तर?"

"तेच म्हणत्ये! आज त्याची मार्कलिस्टच मागत्ये."