काकाजींचा पाय

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकाजींचा पाय तापला आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं. शेजारच्या मावशी रुईची पानं आणि तिळाचं तेल घेऊन आल्या. किराणावाल्यानं सावनेरचा एक हाडांचा डॉक्टर सुचवला. काकू दारातूनच म्हणाल्या, "तो नाही वो, दुसरा पाय." तर मावशींनी दुसऱ्या पायासाठी आणखी पानं तोडायला पोराला पिटाळलं.

दुसरा पाय म्हणजे रास्पबेरी पाय. एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी, पण अख्खा कॉम्प्युटर. पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलानं पाठवला होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजायचं आणि फाटकावरचा कॅमेरा टीव्हीवर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. निवृत्तीनंतर बाबांचं मन रमावं हा मुलाचा हेतू. बाबांचं मन रमलं. बाकीच्यांचं थाऱ्यावर राहिलं नाही.

नागपूरजवळच्या खापरखेड्यात असे काकाजी गल्लोगल्ली सापडतात. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, असा १३४० मेगावॅटचा प्लांट गावाच्या उशाशी. तिथून माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या अंगातली शिफ्ट काही उतरत नाही. जेवायला उशीर झाला की हे विचारणार, "आज लाइट-अप लेट झालं काय?" नातवाला ताप आला की कपाळाला हात लावून म्हणणार, "बॉडी मेटल हाय चालून राहिलं." कोपऱ्यावरच्या घरी नवरा-बायकोचं वाजलं तेव्हा सगळे समजूत घालायला धावले, काकाजी मात्र ओट्यावरून हलले नाहीत. "नवीन युनिट हाये. सिंक्रोनाइज व्हायले वेळ लागते."

त्यातून आमचे काकाजी सी अँड आयवाले. म्हणजे सगळा जन्म गेजचे काटे आणि अलार्मच्या खिडक्या पाहण्यात गेलेला. पाचशे अंशांवरची वाफ आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारी टर्बाइन ज्यानं सांभाळली, त्याच्या हाती आता पाच व्होल्टचं लेकरू आलं होतं. आणि ते लेकरू दर दुपारी बंद पडत होतं.

"ट्रिप झालं," काकाजी मला म्हणाले. "ओव्हरहीटिंग. पाहा सर, हे बनते वेल्समध्ये. तिथं खोलीत वीस डिग्री. कामाला लागलं की हे हवेच्या वर तीस-चाळीस जाते, म्हणजे साठ. इथं मे महिन्यात खोलीच चाळीस. मंग किती झाले?"

"ऐंशी."

"आन ऐंशीलेच याची लिमिट लागते!" गणित बरोबर आल्याचा आनंद रोगापेक्षा मोठा होता. "आपल्या प्लांटमध्ये तेच होते ना. उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येते, मंग कंडेन्सरचं व्हॅक्यूम पडते, मंग लोड पडते."

सगळं खरं होतं. फक्त एक बारीक गोष्ट काकाजींनी बाजूला सारली होती. ऐंशी अंशांना हा पाय बंद पडत नाही. स्वतःचा वेग उतरवतो, पंच्याऐंशीला आणखी उतरवतो आणि मुंगीच्या गतीनं का होईना, चालत राहतो. धापा टाकणं निराळं आणि पडणं निराळं. पण ज्याची उभी हयात उष्णतेशी झुंजण्यात गेली, त्याला दुसरा शत्रू कसा दिसावा?

मोहीम सुरू झाली. आधी धूळ नको म्हणून पाय संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात घट्ट बंद केलेला होता, तो डबा उघडला. मग चिपवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. तिनं फरक पडेना. आठवड्यानं कळलं की पट्टीखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलायचाच राहिला होता. त्यावर काकाजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या बर्डीवरून दोन छोटे पंखे आले. दोन कशाला? एक हवा आत ढकलणारा, एफडी फॅन. एक बाहेर ओढणारा, आयडी फॅन. "बॅलन्स्ड ड्राफ्ट पाहिजे," काकाजी म्हणाले, जणू बर्फीच्या डब्यात कोळसाच जळणार होता.

शेवटी पाय कुलरसमोर नेला. घरात कुलर एकच, वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीला लावलेला. त्याचं तोंड काकूंच्या पलंगाकडून वळवून स्टुलावरच्या डब्याकडे केलं गेलं. कुलरच्या बटणावर पुठ्ठा टांगला: "माणूस कामावर आहे. हात लावू नये." नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू व्हायला चार दिवस होते. काकू पदरानं वारा घेत मला म्हणाल्या, "लग्नात माझ्या बापानं दिलेला कुलर हाये हा. आता पायाले हवा, आन माणसाले घाम."

स्टूल कुलरजवळ आणि सॉकेट दाराजवळ. पायासोबत आलेल्या अडॅप्टरची वायर पुरेना. काकाजींनी तो जावयाच्या मोबाइलला देऊन टाकला आणि कुठलासा जुना चार्जर, तीन मीटरची बारीक केबल असं जोडून पाय चालू केला. आता तो दिवसातून एकदाऐवजी चारदा पडू लागला.

दरवेळी शेजारचं एक पोट्टं धावत येऊन प्लग काढून पुन्हा लावायचं, आणि काकाजींचा पारा पायाच्या वर चढायचा. "अबे भैताडा, आधी पाह्य, मंग रिसेट कर! फर्स्ट आऊट कोण हाये ते पाह्याले नको?" प्लांटमध्ये संच ट्रिप झाला की अलार्मच्या वीस खिडक्या एकदम पेटतात, पण पहिली कोणती पेटली तीच गुन्हेगार, बाकीच्या नुसत्या तिच्यामागे ओरडत सुटलेल्या. ती न टिपता रिसेट करणारा माणूस काकाजींच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

पण पहिली खिडकी तर तीन आठवडे टीव्हीवरच पेटलेली होती. ती सापडली नातीला, पुण्याहून सुट्टीत आलेल्या. "आबा, कोपऱ्यात हे विजेचं चिन्ह कशाचं?"

"वीज येऊन राहिली ना बेटा, म्हणून," काकाजी अभिमानानं म्हणाले. पिवळी वीज त्यांनीही पाहिली होती. त्यांना वाटलं, पुरवठा चांगला असल्याची पावती आहे. विजेच्या गावात विजेचं चिन्ह दिसलं तर त्यात शंका घ्यायची कशाला?

नातीनं फोनवर बापाला विचारलं. बापानं सांगितलं की ते चिन्ह वीज कमी पडतेय म्हणून येतं, ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की. मग त्यानं एक हुकूम टाइप करायला लावला आणि पडद्यावर आकडा आला. काकाजींनी मोठ्यानं वाचला, "झिरो एक्स पन्नास हजार पाच."

काकू स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. "कोणाच्या खात्यातून गेले?"

पैसे कुठंच गेले नव्हते. शेवटच्या पाचाचा अर्थ, या घडीला व्होल्टेज कमी आहे आणि म्हणून वेगही उतरवलेला आहे. आधीच्या पाचाचा अर्थ, चालू केल्यापासून हे दोन्ही घडून गेलेलं आहे. म्हणजे तीच ती फर्स्ट आऊट खिडकी, आणि प्लग काढला की पुसली जाणारी. काकाजींनी मल्टिमीटर काढला. चार्जरच्या तोंडाशी ५.१. केबलच्या दुसऱ्या टोकाला ४.५. केबलला जेमतेम ०.३ ओमचा अडथळा, पण दोन ॲम्पिअर वाहू लागले की ०.६ व्होल्ट वाटेतच खलास.

काकाजी ते दोन आकडे पाहत उकिडवे बसून राहिले. उशाशी १३४० मेगावॅट, आणि घरात पाच व्होल्ट दारापासून खिडकीपर्यंत पोचेनात. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो इतका मोजूनमापून कोणाला दाखवला गेला नसेल. पायाला गारवा मिळावा म्हणून स्टूल हलवलं, स्टुलामुळे वायर वाढली, वायरीत व्होल्ट गळाले, आणि वर ते दोन पंखेही त्याच वायरीतून पाणी पीत होते.

"ऑक्झिलरी कन्झम्प्शन. प्लांटची वीज प्लांटच खाते," ते हळूच म्हणाले, आणि मग एवढ्या जोरात हसले की पोट्टं प्लग काढायला धावलं.

जावयाकडून अडॅप्टर परत मागवणं हे सगळ्या दुरुस्तीतलं सर्वांत नाजूक काम होतं. ते काकूंनी केलं. कसं केलं ते विचारू नये. डबा उघडा ठेवून एकच पंखा, पट्टीचा पापुद्रा सोललेला, पाय दाराजवळच्या फळीवर. तापमान भर दुपारी पासष्ट-सत्तर. कुलरचं तोंड पलंगाकडे.

एकोणीस दिवस बिनतक्रार गेले. विसाव्या दिवशी पाय गोठला. यावेळी ना ताप, ना पिवळी वीज. मेमरी कार्ड लिहून घ्यायला तयार नव्हतं. वाचून दाखवत होतं, पण नवीन अक्षर घेत नव्हतं. मी विचारलं, "यावर एवढं काय लिहीत होतात?"

काकाजींनी बनियन ओढूनताणून सारखी केली. तापमानाची लॉगशीट. दर सेकंदाला एक नोंद. दिवसाला ८६,४०० ओळी, पायाच्या आरोग्याच्या काळजीपोटी. असल्या स्वस्त कार्डाचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि ते कार्ड काकाजींच्या काळजीनं झिजलं होतं.

"प्लांटमध्ये बी आम्ही तासालाच लिहायचो," ते पुटपुटले. "इथं जरा जास्त झालं."

नवं कार्ड आलं. सेकंदाची नोंद बंद झाली. पण नोंदीशिवाय काकाजी कसे जगणार? म्हणून आता फळीखाली शंभरपानी वही लटकवली आहे, दोरीनं पेन बांधून. तासाला एक ओळ, वेळ, तापमान, शेरा, सही. तीन शिफ्ट पाडल्या आहेत आणि तिन्हींत माणूस एकच. परवा सहज वही चाळली. निळ्या शाईत काकाजींचं रेखीव अक्षर, प्रत्येक ओळीत "नॉर्मल". रात्रीच्या पानावर मात्र दीड वाजल्यानंतर अक्षर बदललं होतं, शाईऐवजी पेन्सिल होती:

"रात्री ३. पाय ५२. कुलर चालू. ह्यायचे पाय गार. चादर टाकली."