बंद दारांचा सेक्रेटरी

सहकारी संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी, असे कायदा सांगतो. हे कलम लिहिणाऱ्याच्या घरी गणपती येत असणार, असा माझा दाट संशय आहे. कारण मालवणात आमच्या इमारतीला माणसे लागतात ती चतुर्थीलाच. एरवी वर्षभर मी, तळमजल्यावरचे एक निवृत्त मास्तर आणि पाण्याच्या टाकीवर बसणारी माकडे एवढीच काय ती गणपूर्ती.

चतुर्थी येते ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही. 2025 मध्ये ती 27 ऑगस्टला आली, तेव्हा सगळे कसे ऐसपैस झाले. 2023 मध्ये मात्र 19 सप्टेंबर! म्हणजे कायद्याची मुदत संपायला अकरा दिवस, त्यात दीड दिवसाचे गणपतीवाले विसर्जन करून परतीच्या गाडीच्या तिकिटाकडे बघत बसलेले. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती मी मुंबईत राहणाऱ्या सभासदांना पाठवतो, आणि सभा घेतो भजन आणि आरती यांच्या मधल्या फटीत. पोटनियमांप्रमाणे गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला लहान आकडा पुरतो. तोही जमला नाही तर अर्धा तास थांबून सभा तहकूब करायची आणि ठरल्या वेळी पुन्हा भरवायची. मग गणपूर्तीची अट नाही. ही सवलत सभासदांना पाठ आहे. त्यामुळे जे येतात ते नेमके अर्ध्या तासाने, हातात मोदकाची वाटी घेऊन येतात.

विषयपत्रिकेवर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो कधीच पूर्ण होत नाही. 'गेल्या सभेक मी असा बोललंयच नाय,' असे कोणीतरी म्हणते आणि मग गेल्या वर्षीची सभा पहिल्यापासून पुन्हा भरते. मधूनच एखादे ज्येष्ठ सभासद उभे राहून बोलू लागतात: टाकी धुतली नाही, जिन्यात दिवा नाही, गेटचे बिजागर गेले. त्यांचा स्वर देवळातल्या गाऱ्हाण्याचा असतो. फरक एवढाच, की गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात आणि इथे सगळे सेक्रेटरीकडे बघतात.

गावच्या देवळात मान कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून कोकणात भावकीच्या भावकी कोर्टात गेल्या आहेत. तीच माणसे सेक्रेटरीपदाचे नाव निघताच पाणी प्यायला उठतात. 2019 च्या दुरुस्तीने अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घ्यायची मुभा मिळाली. आमच्याकडे निवडणूक म्हणजे जो सभेला वेळेवर आला तो निवडून आला. पुढे कायद्याची अट: समितीच्या निर्णयांना आम्ही सगळे एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार. ही अट वाचून घरी पहिला प्रश्न आला, 'ह्याचो पगार किती?' मी विषय बदलला.

भांडणाचे मुख्य कारण मात्र पैसा नव्हे, गैरहजेरी. 'आम्ही थय रवतच नाय, मगे मेंटेनन्स कसलो?' हा आमच्या सोसायटीचा आद्य प्रश्न आहे. नियम सांगतो की सेवा शुल्क सगळ्यांना सारखे. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यावरचे मास्तर तिच्यात कधी पाऊल ठेवोत वा न ठेवोत. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड पाव टक्का. आता खारा वारा काही कुलूप बघून थांबत नाही. बंद फ्लॅटच्या गॅलरीतली जाळी उघड्या फ्लॅटपेक्षा लवकर गंजते, कारण तिला कोणी हातच लावत नाही. आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबचा पोपडा खालच्याच्या डोक्यावर येतो. पावसाळ्यात बंद खोलीत बुरशी धरते ती भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या कपाटात दिसते. म्हणजे राहणाऱ्यापेक्षा न राहणाऱ्याचा खर्च जास्त, हे माझे ठाम मत. पण ते सभेत मांडले तर पुढच्या वर्षी अर्ध्या तासानेही कोणी येणार नाही.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून वर गेले, तेव्हा मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. गच्चीवरचे पत्रे उडून पलीकडच्या माडांत गेले होते. फोनला रेंज आली आणि पहिला आवाज बोरिवलीहून आला: 'आमच्या हॉलची खिडकी लावलेली होती ना?' माणूस काळजीनेच विचारत होता, हे आता शांतपणे कबूल करतो.

माडांवरून आठवले. आवारात थोडे माड आहेत आणि त्यांच्यावर बाकी सगळ्या विषयांहून जास्त इतिवृत्त खर्ची पडले आहे. नारळ सोसायटीचे, हे सर्वांना मान्य. पण सोसायटी म्हणजे कोण? पाडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो अर्धे नारळ मजुरीत मागतो, आणि उरलेले वाटायचे तर मुंबईला पाठवायचे कसे? शेवटी ठराव झाला की नारळ विकून रक्कम दुरुस्ती निधीत जमा करावी. त्या वर्षी माकडांनी कोवळेच पाडून टाकले. लेखापरीक्षकाने ती नोंद वाचून चष्मा पुसला.

अलीकडे काही बंद दारे उघडली आहेत, ती पर्यटकांना. तारकर्लीला स्कूबा करून आलेली मंडळी कठड्यावर ओले कपडे पसरतात आणि चिवला किनाऱ्याची निम्मी वाळू न्हाणीघरातून आमच्या गटारात सोडतात. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येते, असा शासनाचा 2001 चा आदेश. वाळूवर आदेश नाही. दुसऱ्या बाजूला, गच्चीवर सुके बांगडे घातल्याची तक्रार याच पाहुण्यांनी केली तेव्हा मात्र अख्खी समिती प्रथमच एकमताने उभी राहिली. बांगडे राहिले.

सगळ्यात अवघड प्रकरण पायाखालचे आहे. मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची. तो देत नसेल तर 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण मागता येते. अर्ज ओरोसला, जिल्हा उपनिबंधकांकडे. पण कोकणातली जमीन म्हणजे सामायिक सातबारा. आजोबा, चुलत आजोबा, त्यांच्या मुंबईच्या लेकी, कोणी बडोद्याला, कोणी कधीच परत न आलेला. कागद जुळवताना मला दर वेळी वाटते, की या माणसांना समाईक मालकीची सवय आहे. सवय नाही ती समाईक कामाची. वाटा पैशापर्यंत ठाऊक, गडगा कोणी घालायचा ते विचारू नका.

तरी हेही पूर्ण खरे नाही. मुंबईच्या गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. एका खोलीत किती ट्रंका, पाळी बदलली की अंथरूण बदलणारी माणसे, महिन्याची वर्गणी, आणि हे सगळे एका वहीत लिहून ठेवणारा कोणीतरी गाववाला. मुंबईतच गामदेवीला 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तिचे नाव आजही सहकारी गृहनिर्माण चळवळीत पहिले घेतले जाते. म्हणजे एकत्र राहण्याचा हिशेब आमच्या लोकांनी मुंबईत उत्तम ठेवला. मग मालवणात तो का फसतो? तिथे सगळे हजर होते, म्हणून. इथे घर बांधले ते पुढे कधीतरी येण्यासाठी.

जुन्या घरांतही हेच होते. भाऊ मुंबईला गेले की एक जण मागे राहायचा, तिन्हीसांजेला दिवा लावायचा, चतुर्थीआधी घर शाकारून घ्यायचा. पत्रातून त्याला पैसे कमी आणि सूचना जास्त यायच्या. फ्लॅट आले, लिफ्ट आली, पण मागे राहणारा लागतोच. आता त्याला सेक्रेटरी म्हणतात आणि सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. माझ्याकडे एक खिळा आहे, त्यावर सगळ्यांच्या चाव्या. आठवड्यातून एकदा दारे उघडून वारा खेळवतो. लोकांची कॅलेंडरे त्यांनी शेवटचे पान उलटले त्या महिन्यावर थांबलेली असतात. हे काम कुठल्याही पोटनियमात नाही आणि त्याचेच मला काही वाटत नाही.

तेव्हा यंदा येणाऱ्यांना विनंती. मुंबईला परतताना स्वयंपाकघराचा मुख्य कॉक बंद करा, फ्रिज रिकामा करून दार किलकिले ठेवा, थकबाकी चेकने द्या. आणि समितीवर एक जागा रिकामी आहे. निवृत्त झाल्यावर मालवणात येऊन कायमचे राहणार, असे आपण गेल्या सभेत म्हणाला होता. ते इतिवृत्तात लिहून ठेवले आहे.