वर्गणीदार

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर एक निळी खिडकी आहे. तिला हात लावायचा नाही. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवलेली आहे: ‘कृपया बंद करू नये. काम चालू आहे.’ चिठ्ठीचा डिंक आजवर दोनदा सुकला, दोनदा नवी चिठ्ठी आली, मजकूर तोच. खिडकी पॉवरशेलची, आणि तिचे मालक म्हणजे सर्व्हर सांभाळणारे आमचे वर्गणीदार.

हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. हा माणूस दिसेल तिथे नाव नोंदवतो, म्हणून आम्ही ते ठेवलं. सोसायटीतली भिशी, शनिवारचा संस्कृत वर्ग, गुडघे दुखत असताना ट्रेकिंगचा ग्रुप, तीन दिवाळी अंक (त्यांतला एक बंद पडून चार वर्षं झाली, पण यांची खात्री आहे की यंदा येईल). लग्नाआधी त्यांनी वधू-वर सूचक मंडळात नाव घातलं होतं. यथावकाश लग्न झालं, मुलगी पाचवीत गेली, आणि मंडळाकडून स्थळं अजून येतात. ती वहिनी वाचतात. “ही बरी होती हो, बँकेत आहे,” असं म्हणून कागद यांच्यापुढे सरकवतात.

“अहो, मग नाव काढून का टाकत नाही?” मी एकदा विचारलं.

“असू दे हो. आपलं काय जातंय? कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

या वाक्यात सगळे वर्गणीदार आले. नाव घालणं हा आपल्याकडे कार्यक्रम असतो. त्याला पेढे असतात, पावती असते. नाव काढण्याला काहीच नसतं. मराठीत ‘पोरानं नाव काढलं’ म्हणजे घराण्याची कीर्ती वाढवली. यादीतून खोडलं हा अर्थही आहे, पण वर्गणीदारांच्या कानावर तो कधी पडलेला दिसत नाही.

अशा माणसाच्या हाती पॉवरशेल लागलं, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही. जेफ्री स्नोव्हर या गृहस्थांनी २००२ मध्ये ‘मोनॅड’ नावाने ज्याचा जाहीरनामा लिहिला आणि २००६ मध्ये जे पॉवरशेल म्हणून बाहेर पडलं, ते तोवर साधंसरळ होतं. हुकूम टंकायचा, उत्तर वाचायचं. दुसरी आवृत्ती विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आली आणि तिच्यात घटनांची वर्गणी भरायची सोय झाली. म्हणजे असं, की एखाद्या फोल्डरवर पहारेकरी बसवायचा आणि त्याला सांगायचं: इथे नवी फाइल आली की मला कळव. किंवा घड्याळ लावायचं आणि सांगायचं: इतके मिलिसेकंद झाले की हाक मार. हुकमाचं नाव ‘रजिस्टर-ऑब्जेक्टइव्हेंट’. रजिस्टर हा शब्द वाचल्यावर आमच्या वर्गणीदारांना पुढचं वाचायची गरज उरली नसावी. त्याच पानावर खाली ‘अनरजिस्टर-इव्हेंट’ही होतं.

पहिलं घड्याळ त्यांनी चहासाठी लावलं. दर ६०,००० मिलिसेकंदांनी ते उठून पाहतं की चार वाजले का, आणि वाजले असले की संगणक तीनदा पिप् पिप् करतो. चार वाजता चहा असतो हे त्या मजल्यावर झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. पण पिप् झाल्याशिवाय वर्गणीदार उठत नाहीत.

ही सगळी वर्गणी त्या एका खिडकीपुरती असते. खिडकी मिटली की पहारेकरी, घड्याळं, आलेले निरोप, सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून ती चिठ्ठी. घराला कुलूप लावून गावाला जाताना तुळशीला पाणी घालायला शेजाऱ्याला सांगावं, तसे वर्गणीदार रजेवर जाताना त्या खिडकीचं सांगून जातात.

आता घडलं ते असं. हिशेब विभागाला हवं होतं, की अमुक फोल्डरमध्ये पुरवठादाराचं बिल येऊन पडलं की त्यांना मेल जावा. वर्गणीदारांच्या हातचा मळ. त्यांनी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, वर्गणीला ‘बिल’ असं नाव दिलं आणि चालवून पाहिली. मेलच्या विषयात शुद्धलेखनाची चूक निघाली. ती सुधारून पुन्हा चालवली, तर लाल अक्षरांत उत्तर आलं, की या नावाचा वर्गणीदार आधीच हजर आहे.

दुसरा कुणी असता तर जुनी वर्गणी रद्द करून नवी भरता. हे एका ओळीचं काम आहे. आमच्या माणसाने नावच गाळलं. नाव दिलं नाही की पॉवरशेल रागावत नाही. ते स्वतःच एक नाव ठेवतं, आठ, चार, चार, चार आणि बारा अक्षरांचं, ज्याचा उच्चार खुद्द त्याच्या बापाला जमणार नाही. दर वेळी नाव नवं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वर्गणीदारांना हा साक्षात्कार वाटला. तीन दिवसांत त्यांनी स्क्रिप्ट सुधारून सुधारून चौदा वेळा चालवली. शेवटची आवृत्ती उत्तम होती. आधीच्या तेराही आपापल्या जागी जाग्याच होत्या.

सोमवारी सकाळी पहिलं खरं बिल पडलं. हिशेबाच्या मॅडम जिना चढून वर आल्या.

“एका बिलाचे चौदा मेल? आणि त्यातल्या पहिल्यात ‘बिल’ची वेलांटी दीर्घ?”

वर्गणीदारांनी सर्व्हरवर संशय घेतला. मग नेटवर्कवर. मग मॅडमच्या मेलबॉक्सवर. खालून एक नवा मुलगा आला होता, वर्ष झालं नसेल नोकरीला. तो म्हणाला, “सर, गेट-इव्हेंटसबस्क्रायबर करून बघू या का?” आणि उत्तराची वाट न पाहता त्याने ते टंकलं.

यादी सुरू झाली आणि खाली सरकतच राहिली. बिलांच्या तर होत्याच. शिवाय नोटपॅडमध्ये फाइल बदलली की कळवा, या दिवाळीतल्या प्रयोगाच्या होत्या. (नोटपॅडमधून एकदा सेव्ह केलं तरी ‘बदल झाला’ ही वर्दी बऱ्याचदा दोनदा येते. वर्गणीदारांनी दुसरी वर्दी का येते हे शोधायला आणखी चार पहारेकरी बसवले होते.) पेनड्राइव्ह लावला की कळवा, अमुक सेवा बंद पडली की कळवा, आणि एक अशी की जिचा हेतू कुणालाच आठवेना. शेवटचा क्रमांक होता ३७.

“रद्द करू या,” मुलगा म्हणाला.

वर्गणीदारांचा चेहरा मी पाहत होतो. पितृपक्षात घरातली जुनी भांडी मोडीत काढायची म्हटल्यावर आजीचा होत असे, तसा झाला. “थांब,” ते म्हणाले, “आधी व्हॉटइफ लावून बघू.” व्हॉटइफ म्हणजे हुकूम खरा न बजावता, बजावला असता तर काय झालं असतं एवढंच सांगणारी पुरवणी. ती लावून त्यांनी अनरजिस्टर-इव्हेंट चालवलं. पडद्यावर ओळी आल्या: हे रद्द होईल, ते रद्द होईल. त्यांनी त्या सावकाश वाचल्या, समाधानाने मान हलवली आणि जेवायला गेले.

दुपारी दुसरं बिल आलं. चौदा मेल.

मग मात्र मुलाने यादी थेट अनरजिस्टर-इव्हेंटकडे वळवली. एक उभी रेघ आणि दोन हुकूम. यादी रिकामी झाली. वर्गणीदार खुर्चीत मागे रेलले. तीन आठवड्यांचा प्रपंच एका ओळीत आटोपला होता.

“झालं ना?” मॅडमनी विचारलं.

झालं नव्हतं. मांडव उतरवला म्हणून खड्डे बुजत नाहीत. ज्या वर्गण्यांना ‘असं झालं की तसं कर’ सांगितलेलं असतं, त्या प्रत्येकीमागे पॉवरशेल एक जॉब उभा करतं. वर्गणी रद्द झाली की जॉब थांबतो, पण यादीतून हटत नाही. लग्न आटोपल्यावर दारात रेंगाळणाऱ्या वाढप्यांसारखे ते सगळे ‘थांबलेले’ असा शिक्का घेऊन उभे होते. त्यांना घालवायला रिमूव्ह-जॉब. ज्यांना काही करायला सांगितलंच नव्हतं, त्यांचे निरोप रांगेत साठले होते. वर्गणी गेली तरी आलेली टपाल तशीच. तिला रिमूव्ह-इव्हेंट. चहाचं घड्याळ तर अजून दर मिनिटाला टोला देत होतं. त्याचा ऐकणारा तेवढा काढून घेतला होता. ते वेगळं थांबवावं लागलं. वर्गणीदार प्रत्येक वेळी “हेही?” असं विचारत होते, आणि मला त्यांची खरोखर दया येऊ लागली होती.

पावणेचार वाजता तिसरं बिल पडलं. एक मेल आला.

आता मुलगाही गप्प झाला. यादी रिकामी, जॉब नाहीत, रांग नाही, आणि मेल. वेलांटी दीर्घ. मॅडमनी आमच्याकडे भुताटकीच्या घराकडे पाहावं तसं पाहिलं.

शोध मला लागला, आणि तोही अक्कलहुशारीने लागला म्हणवत नाही. मी सकाळची यादी पुन्हा वर सरकवून पाहिली. क्रमांक आठनंतर एकदम दहा होता. ज्या माणसाने आयुष्यात एकही वर्गणी रद्द केली नाही, त्याच्या यादीत नऊ कुठे गेला?

“तुम्ही सपोर्टइव्हेंट म्हणून काही लावलं होतं का?”

“हो, एकदा. काय आहे ते बघितलं.”

ते लावलं की वर्गणी लपते. साध्या यादीत ती दिसत नाही, साध्या हुकमाने रद्द होत नाही. पाहायलाही फोर्स लागतो आणि काढायलाही फोर्स. मुलाने दोन्हीकडे फोर्स लावला. नऊ नंबर गेला. चौथं बिल पडलं आणि एकही मेल गेला नाही. मग जो एक जायला हवा होता त्याच्यासाठी ‘बिल’ याच नावाने, ऱ्हस्व वेलांटीने, रीतसर एक वर्गणी मुलानेच भरून दिली. क्रमांक ३८.

चार वाजले. पिप् झालं नाही. आम्ही सगळे चहाला उठलो, वर्गणीदार बसून राहिले.

मी त्यांना समजावलं, की अमुक वेळा घटना घडली की आपोआप रद्द हो, अशीही वर्गणी भरता येते. मॅक्सट्रिगरकाउंट लावायचं, एक म्हटलं तर एकदाच वाजेल. निस्तरायचं कामच नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“आणि उद्या?” ते म्हणाले.

पाच वाजता निघताना मी त्यांच्या टेबलावरून गेलो. चिठ्ठी नवी होती. पडद्यावर यादी होती, दोनच ओळींची. खिडकी मिटली नव्हती, त्यामुळे आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले नव्हते. क्रमांक ३९, आणि या वेळी त्यांनी नाव दिलं होतं: चहा.