ध्रुवावरचे कालवा निरीक्षक

समुद्र जितका लांब, तितका त्यातला जाणकार पक्का. हिंगोलीत असा जाणकार रोज साडेपाचला बसस्थानकाजवळच्या हॉटेलात भेटतो. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त. उभ्या हयातीत पाणी पाहिलं ते येलदरीचं आणि सिद्धेश्वरचं. मुंबईला एकदा गेले, तेही पेन्शनच्या कामाला. चौपाटी राहूनच गेली. पण दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राबद्दल विचारा, साहेब खुर्ची पुढे ओढतात.

साहसाचं त्यांना कौतुक नाही. ते मोहीम तपासतात. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 'तारिणी' शिडाच्या बोटीतून २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून, पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ला परतल्या. हॉटेलात जो तो वाहवा करत होता. साहेब म्हणाले, "मस्टरवर दोनच नावं. एकीला ताप आला तर बदलीवर कोण?"

पूर्ण मार्क मिळालेला माणूस एकच, दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचा म्होरक्या शॅकलटन. त्याचं जहाज मांडायला साहेबांना दोन बशा आणि एक काडेपेटी लागते. बशा म्हणजे बर्फ. १९१५च्या जानेवारीत 'एंड्युरन्स' वेडेल समुद्रात अडकलं, म्हणजे काडेपेटी बशांमध्ये चेपायची. नोव्हेंबरात बुडालं, म्हणजे काडेपेटी खिशात. त्यातली एक काडी बाहेर राहते. ही सात मीटरची होडी. तीत सहा जण, सुमारे आठशे सागरी मैल, होडीवर साचणारा बर्फ कुऱ्हाडीनं फोडत दक्षिण जॉर्जियाला. ऐन वादळात साहेब ओरडतात, "अरे, पंखा बंद कर, वारं लागतंय!" आणि कानटोपी खाली ओढतात.

"मागं एलिफंट बेटावर बावीस माणसं. म्हणजे कालव्याच्या टेलला! त्यांना आणायच्या तीन खेपा बर्फानं वाया घालवल्या. चौथ्या खेपेला चिलीचं 'येल्चो' पोचलं, ३० ऑगस्ट १९१६. आमच्यातला कुणी असता, तर पहिल्याच खेपेला 'रस्ता बंद' असा शेरा मारून घरी गेला असता. अठ्ठावीस गेले, अठ्ठावीस आले. मस्टर क्लीअर!"

परवा कॉलेजातल्या एका पोरानं मोबाइल पुढे केला. "पण काका, त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राकडून उतरली होती. त्यातले तिघं दगावले की."

हॉटेल गप्प. साहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, काडी पेटीत ठेवली.

"ते दुसऱ्या डिव्हिजनचे," ते म्हणाले. "त्यांचं मस्टर आपल्याकडं नव्हतं."