सुट्टीसाठी पामला घर घ्या: नवशिक्यांसाठी नऊ सूचना

परदेशातल्या एखाद्या टुमदार खेड्यात घर भाड्याने घ्यावं, सकाळी बेकरीतून गरम पाव आणावा, संध्याकाळी द्राक्षमळ्यातून फिरावं, ही तुमची जुनी हौस. विमानाचं भाडं बघितलं की ती दर वर्षी पुढच्या वर्षावर जाते. वाईट वाटतं, कळतं आम्हाला. पण खचू नका, डहाणू लोकल पकडा. 2013 पासून ती धावतेय आणि तिला व्हिसा लागत नाही. बोईसरला उतरा, पश्चिमेला या, शेअर रिक्षात चौथे म्हणून बसा आणि ‘पाम’ म्हणा. पुढच्या सूचना क्रमाने पाळल्यात, तर खेड्यात राहूनही खेड्याचा त्रास होणार नाही.

1. जाहिरात नीट वाचा. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं लिहिलं असेल, तर कोणत्या वेळी ते विचारा. पाळी सुटताना कंपन्यांच्या बस आणि टँकर यांच्यामधून ती दहा मिनिटं काढून दाखवणारा अजून भेटायचाय. ‘फार्महाऊस’ असेल, तर मागच्या अंगणात दोन केळी आणि एक कढीपत्ता धरून चाला. ‘सर्व सोयी’ असतील, तर नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा आणि टँकरवाल्याचा नंबरही घेऊन ठेवा.

2. फोटो तपासा. सगळे फोटो एकाच खिडकीतून काढलेले दिसतील: भातखाचर, दोन ताड, एक बगळा. दुसऱ्या खिडकीचा फोटो मागू नका. तारापूरची औद्योगिक वसाहत पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड या गावांना खेटूनच वाढली आहे, त्यामुळे दुसऱ्या खिडकीत काय असणार हे उघड आहे. ‘त्या बाजूला खिडकीच काढली नाही,’ असं मालक म्हणाला, तर घर लगेच घ्या. माणूस समंजस आहे.

3. मालकाशी बोलायची तयारी करा. हा टप्पा अवघड आहे, म्हणून संवादच देतो.

‘कुठल्या कंपनीत लागलात?’
‘कुठल्याच नाही हो काका. आराम करायला येतोय.’
(थोडा वेळ शांतता.) ‘नोकरी गेली का?’

रागावू नका. इकडे खोली भाड्याने मिळते ती कामावर जाणाऱ्याला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली पोरं एका खोलीत सहा-सहा जणं राहतात. पहिल्या पाळीचा उठतो त्याच चटईवर रात्रपाळीचा येऊन आडवा होतो. खोलीत दिवसभर लोळण्यासाठी पैसे मोजणारा भाडेकरू काकांनी अजून पाहिलेला नाही. आधार कार्ड दाखवा आणि प्रकृती उत्तम आहे असं दोनदा सांगा.

4. घासाघीस करा. परदेशात ‘क्लीनिंग फी’ म्हणून काही हजार आपण निमूटपणे भरतो. इथे केर-लादी करणाऱ्या मावशींनी दोनशे मागितले, तर मात्र शहरी माणूस फसत नसतो हे दाखवून द्या. दीडशेवर या. उरलेल्या पन्नासात स्टेशनवर पाण्याच्या दोन बाटल्या येतील.

5. आवाजाची तक्रार कुठे करायची ते ठरवा. कोंबड्याची करू नका, तो ‘अनुभवा’त धरलेला आहे. पण शेजारून दिवसभर बारीक ठकठक येईल. डोकावून बघा: खिडकीशी दिवा, त्याखाली पोलादाचा ठोकळा, आणि एक माणूस पाठ वाकवून त्यात केसाएवढी नक्षी खोदतोय. हे डायमेकिंग. चिंचणी-तारापूर पट्ट्यात हा घरोघरचा धंदा. या डायवर सोन्याचा पत्रा दाबून दागिने घडतात. तुमच्या सौभाग्यवतींच्या कानातलंही कदाचित अशाच ठकठकीतून निघालं असेल. तरीही दुपारी दोन ते चार हात थांबवता येईल का, असं विचारून बघायला हरकत नाही.

6. वासांची वर्गवारी करा. बोंबील सुकत घातल्याचा वास आला, की मालकाला ताबडतोब फोन करा. रात्री उशिरा नाक चुरचुरवणारा दुसरा वास आला, तर तो कारखान्यांचा, तक्रारीच्या रांगेत उभे राहा. त्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं, त्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. 2022 साली लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई सुनावली. तुमचा मुक्काम दोन रात्रींचा आहे. खिडकी लावून घ्या.

7. जेवणात पापलेटच हवं असा हट्ट धरा. 2023 साली ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, आणि सातपाटीच्या कोळ्यांना आता ते पूर्वीसारखं मिळत नाही. अशा वेळी ‘गावात येऊनही एवढं महाग?’ हे वाक्य विशेष उठून दिसतं.

8. वीज गेली तर गप्प बसा. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथून हाकेच्या अंतरावर, तारापूरला, 1969 पासून चालू आहे. ‘निदान इथे तरी वीज जायला नको होती’ हा विनोद तुम्हाला सुचेल. गावाचा तो फार आधीच करून झालाय. त्याच केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, हेही वाचून ठेवा. तिथल्या लोकांना घर बदलायला सुट्टीची वाट पाहावी लागली नाही.

9. हे खेडं आपणच शोधून काढलं, असं मित्रांना सांगा. फक्त लवकर सांगा. उत्तरेला वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर येतंय, 30 ऑगस्ट 2024 ला त्याची पायाभरणीही झाली. म्हणजे हा किनारा तुमच्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांच्या नजरेत भरलेला आहे.

निघताना अभिप्राय लिहा: ‘जागा छान. लोक साधे, पण सतत कामात असतात.’ त्यासाठी एक तारा कापा. काका मनाला लावून घेणार नाहीत. सोमवारपासून त्या खोलीत पाळीवाली चार पोरं येतायत. त्यांनी महिन्याचं भाडं आगाऊ दिलंय आणि खिडकीबद्दल एक शब्द विचारला नाही. तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असेल, तर बाजाराकडे लक्ष ठेवा. कंपन्यांत माणसं कमी केल्याची बातमी आली, की समजा खोली रिकामी झाली.